पार्किंगची फरसबंदी (घरगुती)

घराच्या पोर्चमध्ये, बंगल्याशेजारच्या शेडमध्ये किंवा इमारतीच्या खांबांमधल्या तळमजल्यावर गाडी उभी राहते, त्या जागेवरचा टिकाऊ थर. महाराष्ट्रात दार लावून बंद होणारे गॅरेज जुन्या बंगल्यांपुरतेच उरले आहे. बहुतेकांच्या वाट्याला पोर्च किंवा स्टिल्ट, म्हणजे खांबांमधला उघडा तळमजला, येतो. घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याच्या (२०१६) व्याख्येनुसार छत आणि तीन बाजूंनी भिंती असतील तरच ते गॅरेज. त्याआधी २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टला गॅरेज म्हणून विकण्याची बिल्डरची वाट बंद केली होती. फरशी निवडतानाही हा फरक लक्षात घ्यावा लागतो. उघड्या बाजूंनी पावसाची झड आत येते, आणि गाडी धुण्याचे पाणी तर रोजचेच.

फरशीला सगळ्यात जास्त त्रास मोटारीचा होतो, ही समजूत फारशी खरी नाही. टायरखालचा दाब साधारण टायरमधल्या हवेइतकाच, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. मोटार त्रास देते ती जागच्या जागी स्टिअरिंग फिरवल्यावर. तेव्हा चाक खालच्या थराला पीळ देते. खरी कसोटी दुचाकीच्या स्टँडची. मोटरसायकल साइड स्टँडवर कलली, वर कोणी बसून फोनवर बोलत राहिले, की दोन बोटे रुंदीच्या लोखंडी टोकावर भार एकवटतो. मेन स्टँडवर गाडी ओढताना त्याच जागी रोज घाव बसतो. पार्किंगमधल्या फुटलेल्या टाइल्स पाहिल्या, तर त्या बहुधा स्कूटरच्या ओळीतच सापडतात.

वरचा थर निवडायला लोक चार दुकाने पालथी घालतात आणि भराव मात्र ठेकेदारावर सोडतात. देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काहीही टाकले तरी दोन-तीन वर्षांत फरशी वरखाली होते. म्हणून काळी माती शक्य तितकी काढून मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून धुमसायचा, त्यावर दगडी सोलिंग (रचून बसवलेल्या दगडांचा थर) आणि मग साधे काँक्रीट. उतार दर मीटरला सुमारे एक सेंटीमीटर, तोही पाणी वाहून जाण्याच्या जाळीच्या दिशेने. उतार आधी काँक्रीटमध्येच द्यावा लागतो; फरशीखालचा मसाला कमीजास्त करून दिलेला उतार पुढे ठिकठिकाणी पाणी धरतो.

सिमेंटचा कोबा, म्हणजे गवंड्यांच्या आणि अंदाजपत्रकाच्या भाषेत ‘आयपीएस’, हा सर्वांत स्वस्त आणि नीट केल्यास दीर्घायुषी पर्याय. जाडी दीड ते दोन इंच, लहान चौकोन पाडून, मध्ये काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घालून. तो बिघडतो ते एका सवयीमुळे. मिश्रणात पाणी जास्त झाले की घोटाईच्या वेळी वर पाणी सुटते, आणि गवंडी ते शोषायला कोरडे सिमेंट भुरभुरतो. त्या दिवशी पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. मात्र वर सिमेंटचाच पातळ, खालच्या काँक्रीटशी न जुळलेला पापुद्रा राहतो. त्यावर बारीक जाळीदार भेगा पडतात आणि झाडू मारला की दरवेळी पांढुरकी धूळ निघते. पाणी आपोआप निघेपर्यंत थांबून मग घोटणे, आणि नंतर कडेने मसाल्याचे छोटे बांध घालून निदान आठवडाभर पाणी साठवून ठेवणे, एवढ्यावर कोब्याचे आयुष्य ठरते.

या जास्तीच्या पाण्यावर यंत्राने केलेला उपाय म्हणजे ट्रायमिक्स. नाव ट्रेमिक्स या स्वीडिश कंपनीवरून आले. साइटवर त्याचे ट्रायमिक्स झाले. चार ते सहा इंच जाड काँक्रीट ओतून कंपन देतात, वर गाळणी आणि चटई पसरून निर्वात पंपाने पाणी खेचून घेतात, मग फिरत्या पात्यांच्या यंत्राने घोटतात. पुढच्या एक-दोन दिवसांत कटरने खाचा पाडायच्या असतात. त्यांना उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने तडकते. पाच-सहा गाड्यांच्या सोसायटीला हा खर्च परवडतो. एका गाडीच्या पोर्चसाठी यंत्रे आणायला ठेकेदार सहसा तयार होत नाही.

दगडांत शहाबादी आणि कोटा. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडक. पार्किंगला सव्वा-दीड इंच जाडीची, वरून खडबडीत ठेवलेली शहाबादी चांगली. पॉलिश केलेली पावसाळ्यात पाय घसरवते. चुनखडकाचे वैर आम्लाशी आहे. बॅटरीतले आम्ल सांडले किंवा सफाईवाल्याने डाग काढायला ‘अ‍ॅसिड’ ओतले, की दगड फसफसतो आणि तेवढा भाग कायमचा खरवडल्यासारखा दिसतो. कोकणात जांभा मुबलक असला तरी चाकांखाली तो झिजतो, भुगा सुटतो; तो भिंतींतच शोभतो.

उघड्या जागेवर पेव्हर ब्लॉक योग्य. मोटारींसाठी ६० मिमी जाडी पुरते, पाण्याचा टँकर किंवा ट्रक आत येणार असेल तर ८० मिमी घ्यावी. कडेला पक्की किनार हवी; ती नसेल तर चाकांच्या पिळाने ब्लॉक सरकतात आणि सांधे उघडतात. पाइप फुटला तर ब्लॉक उचलून तेच परत बसवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. चेकर्ड टाइल्सना पकड चांगली असते, पण खाचांत तेल-माती साचून वर्षभरात त्या काळवंडतात.

पार्किंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स डाग धरत नाहीत, धुवायला सोप्या असतात. मात्र त्या पूर्ण मसाल्यावर बसायला हव्यात. चार कोपऱ्यांत आणि मध्ये चिकटवणीचे गोळे ठेवून बसवलेली टाइल नाण्याने ठोकली तर बद्द वाजते, आणि ती स्टँडखाली फुटणारच.

इपॉक्सीचा रंगीत थर अमेरिकेतल्या बंद गॅरेजांत लोकप्रिय आहे. इथेही तो देतात, पण काँक्रीट २८ दिवस जुने आणि कोरडे हवे, वरचा कच्चा थर यंत्राने घासून काढलेला हवा. जमिनीतून ओल येते का हे पाहायला हातभर चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर थर फुगून सुटणार. उन्हात तो पिवळा पडतो. लांबच्या प्रवासाहून आलेल्या तापलेल्या टायरखाली हलक्या दर्जाचे इपॉक्सी मऊ होते, आणि गाडी काढताना त्याचे पापुद्रे टायरला चिकटून निघतात.