शाफ्टच्या भिंतीमागचं पाणी

आमच्या नागपुरात चार मजली इमारतीत तळमजल्याच्या नळाला जोर असतो आणि वरच्या मजल्यावर धार बारीक पडते. टाकी एकच, पण तळमजल्याच्या नळावर पाणी जास्त उंच उभं असतं. दर 10 मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो भार वाढतो. टाकी लहान की मोठी, याने दाबात फरक पडत नाही.

कामठी-सावनेर पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींना याच हिशेबाशी झुंजावं लागतं. कोळशाच्या थरांवर कामठीच्याच नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म आहे आणि त्याच्या कणांमधल्या फटींत भरपूर पाणी साठतं. त्यातून शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खाली न्यायचा. भिंतीमागे 200 मीटर पाणी उभं राहिलं, तर तळाशी दर चौरस मीटरवर 200 टन भार येतो!

एवढा भार पेलणारी पूर्ण बंद भिंत बांधता येते, पण ती फार जाड लागते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी खडकाच्या भेगांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरतात आणि उरलेलं पाणी भिंतीत ठेवलेल्या भोकांतून आत येऊ देतात. शाफ्टकडे येताना पाणी वाळूच्या कणांतून घासत येतं, त्यात त्याचा दाब खर्ची पडतो. आत ठिबकणारं पाणी गटारीने तळाशी पाणी गोळा करायच्या खड्ड्यात जातं, तिथून पंप ते वर फेकतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यातली उलटी गोष्ट. ठिबकणारी भिंत पाहून नवख्याला धास्ती वाटते, पण काळजी करायची ती ठिबकणं अचानक थांबलं तर. चुन्याच्या किंवा लोहाच्या थराने भोकं बुजली असतील, तर भिंत कोरडी दिसते आणि मागे दाब पुन्हा चढत जातो. म्हणून भोकं साफ ठेवायची आणि भिंतीमागचा दाब मोजत राहायचं.

जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीचा धोका वेगळा. तिथे पाणी पाझरत नाही, फुटून येतं. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत असंच पाणी घुसलं आणि 375 कामगार गेले. अशा जागेपासून 60 मीटरच्या आत काम न्यायचं तर नियमाप्रमाणे आधी परवानगी लागते, आणि खोदकामाच्या पुढे भोकं पाडून पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो.

आपल्याकडे उपसलेलं पाणी वाया जातंच असं नाही. सावनेरजवळच्या पाटणसावंगीला वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरलं.