शिशामागचं फूल: न्यूट्रॉन चित्रणाच्या शिक्षणाची गोष्ट आणि तिच्यातलं इंदूर

इंदुरात विज्ञानसंस्थेचं नाव निघालं की बोट कॅटकडे, म्हणजे 'सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी'कडे, जातं. २००५ साली त्या केंद्राचं 'राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र' झालं, तरी रिक्षावाल्यासाठी आणि आपल्यासाठी तो रस्ता कॅट रोडच राहिला. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात असलेल्या दुसऱ्या संस्थेचा पत्ता मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. तिचं नाव यूजीसी-डीएई कन्सोर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्च. नाव लांबलचक, इमारत साधी. अणुभट्टी दोन्हीकडे नाही. तरी न्यूट्रॉनने चित्र काढायला भारतात कोण, कसं शिकलं हे सांगायला बसलं की या दोन्ही पत्त्यांवर यावंच लागतं. पण आधी बरंच मागे जायला हवं.

न्यूट्रॉन चित्रण हा एक्स-रेचा सख्खा नव्हे, चुलत भाऊ. एक्स-रे अणूतल्या इलेक्ट्रॉनांवर अडतात, म्हणून अणू जितका जड तितकी त्याची सावली गडद. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून सरळ निघतो आणि गाठ पडते ती थेट केंद्रकाशी. तिथला हिशेब वजनावर चालत नाही. शिसं त्याला बऱ्यापैकी वाट देतं, अॅल्युमिनियम तर जवळजवळ दिसतच नाही, आणि हलकाफुलका हायड्रोजन मात्र रस्ता अडवून उभा राहतो. बोरॉन, लिथियम, कॅडमियम, गॅडोलिनियम हेही अडवणाऱ्यांतले. शिशाच्या विटेमागे फूल ठेवलं तर एक्स-रेत नुसती वीट दिसते. न्यूट्रॉनच्या चित्रात पाकळ्या दिसतात, कारण पाकळीत पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. नळी स्वस्त झाली, लहान झाली, आणि आज गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरकडेही ती असते. शिकणाऱ्याला यंत्रापाशी जाता येतं. न्यूट्रॉनचं तसं नाही. केंद्रकाबाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांपैकी निम्मे सुमारे दहा मिनिटांत विघटन पावतात. ते सिलिंडरमध्ये भरून ठेवता येत नाहीत. भरपूर न्यूट्रॉन हवे असतील तर अणुभट्टी हवी नाहीतर मोठा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, आणि अणुभट्टीच्या दारावर पहारा असतो. म्हणून या तंत्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर पाठ्यपुस्तकांपेक्षा दारांकडे बघावं लागतं. कोणतं दार, कुणासाठी, कधी उघडलं?

केंब्रिजला जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला १९३२ मध्ये. तीनच वर्षांनी बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान आणि अर्न्स्ट कून न्यूट्रॉनने फोटो काढायच्या खटपटीला लागले. कालमान ज्यू वंशाचा, १९३३ मध्ये त्याची संस्थेतली नोकरी गेली होती. एका बड्या रासायनिक उद्योगाच्या आश्रयाने तो हे काम करत होता. न्यूट्रॉनचा स्रोत दुबळा, त्यामुळे एकेका चित्राला तासन्‌तास लागत. शिवाय फिल्मला न्यूट्रॉन दिसतच नाही! मधे एखादा असा पत्रा ठेवावा लागतो, जो न्यूट्रॉन गिळून फिल्मला कळेल असं काही बाहेर टाकेल. ही दुभाष्याची युक्ती त्यांनी तेव्हाच बसवली, आणि आजची सगळी यंत्रं तीच युक्ती नव्या कपड्यांत वापरतात. युद्धामुळे हे काम जगापुढे आलं ते १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर बर्लिनमध्येच पीटर नावाच्या संशोधकाने जास्त जोरकस स्रोत वापरून तासांचं काम मिनिटांवर आणलं होतं.

कालमानबद्दल आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. युद्धानंतर, १९४७ मध्ये, याच माणसाने दाखवून दिलं की कपाटात कपड्यांत ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांच्या नॅफ्थलीनवर किरण पडले की ते चमकतं आणि ती चमक मोजता येते. आज न्यूट्रॉन चित्रणात फिल्म जवळपास नाहीच. लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइडचा लेप दिलेला चमकणारा पडदा असतो, ४५ अंशांत आरसा असतो, आणि झोताच्या वाटेतून बाजूला ठेवलेला कॅमेरा ती चमक टिपतो. पदार्थ निराळे, पण किरण लागला की चमकणाऱ्या पडद्यांच्या घराण्यात कालमानचं नाव असं दोन्ही बाजूंनी येतं.

१९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुभट्टीवर थ्यूलिसने पहिली खरोखर चांगली चित्रं काढली. अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेत हॅरल्ड बर्गरने साठच्या दशकात हे तंत्र शास्त्रशुद्ध केलं. पहिलं गिऱ्हाईक अणुउद्योग स्वतःच होता. वापरलेली इंधनकांडी स्वतःच गॅमा किरण ओकत असते, तिच्याजवळ फिल्म नेली की ती काळवंडणार. मग युक्ती अशी, की झोतात फिल्म नाहीच, फक्त इंडियम किंवा डिस्प्रोशियमचा पत्रा ठेवायचा. न्यूट्रॉन पडतील तिथे पत्रा किरणोत्सारी होतो, गॅमाचा त्याच्यावर काही परिणाम नाही. नंतर तो पत्रा काळोख्या खोलीत नेऊन फिल्मवर दाबून ठेवायचा. इंडियमचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ५४ मिनिटांचा, म्हणजे घाई. डिस्प्रोशियमचा सव्वादोन तासांच्या वर, म्हणजे जरा दम खायला वेळ. असलं काम शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

तरीही बराच काळ प्रत्येक अणुभट्टी आपापलंच शिकत होती. या विषयाची पहिली जागतिक परिषद सॅन डिएगोला भरली ती १९८१ मध्ये. म्हणजे कालमानच्या पहिल्या खटपटीनंतर साडेचार दशकं! एक्स-रे तपासणीप्रमाणे पातळ्या ठरवून माणसं प्रमाणित करण्याची पद्धत अमेरिकेत न्यूट्रॉन रेडिओग्राफीलाही लागू झाली. तिथल्या हवाईदलाने तर कॅलिफोर्नियात मॅक्लेलन तळावर विमानांच्या भागांतला लपलेला गंज शोधायला खास अणुभट्टी बांधली. गंजात हायड्रोजन असतो, अॅल्युमिनियम पारदर्शक, की झालं काम. २००० मध्ये ती अणुभट्टी विद्यापीठाकडे गेली. लष्करी तपासणीचं केंद्र विद्यार्थ्यांच्या हाती यावं, असा शेवट फार थोड्या यंत्रांच्या नशिबी येतो.

आता आपल्याकडे. ट्रॉम्बेची अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी. पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षण शाळा उघडली आणि तिच्या उभारणीत पुढे होते राजा रामण्णा. कॅटवर ज्यांचं नाव लागलं, तेच. ट्रॉम्बेचेच भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला ब्रॉकहाउसकडे न्यूट्रॉन विकिरण शिकून आले. (ब्रॉकहाउसला नोबेल मिळालं १९९४ मध्ये, म्हणजे शिष्याचे शिष्यही पिकल्या केसांचे झाल्यावर.) १९६० च्या दशकात भारत, फिलिपीन्स आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी मिळून एक उपक्रम चालवला. ट्रॉम्बेचा न्यूट्रॉन वर्णपटमापक फिलिपीन्सच्या अणुभट्टीवर बसवला आणि त्याच्यावर आशियातल्या संशोधकांना शिकवलं. यंत्र आपलं, गुरू आपले, विद्यार्थी शेजाऱ्यांचे. आपल्या विज्ञानाच्या अभिमानगीतांत ही ओळ क्वचितच येते.

हे सारं विकिरणाचं, म्हणजे न्यूट्रॉन कुठे वळले ते मोजण्याचं काम. चित्रणात किती न्यूट्रॉन सरळ पार आले ते बघतात. चुलता-पुतण्याचं नातं असलं तरी कसब वेगळं. चित्रणाचा सराव अप्सरेवर झाला आणि पुढे तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या कामिनी या छोट्या अणुभट्टीने तो नेमाचा केला.

कामिनीजवळ जरा थांबू. कल्पक्कम मिनी, म्हणून कामिनी. २९ ऑक्टोबर १९९६ रोजी ती सुरू झाली. शक्ती फक्त ३० किलोवॅट, म्हणजे आपल्या माळव्यातल्या शेतात चालणाऱ्या चाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरएवढी. इंधन मात्र थोरियमपासून मिळवलेलं युरेनियम-२३३, तेही सहाशे ग्रॅमच्या आसपास. जगात या इंधनावर चालणारी दुसरी अणुभट्टी नाही. शेजारच्या जलद प्रजनक चाचणी अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाची चित्रं काढणं हे तिचं मुख्य काम, पण तिच्याकडे इस्रोचे नमुनेही येतात. रॉकेटचे टप्पे सुटे करायला लहान-लहान स्फोटक साधनं लागतात. धातूच्या कवचात दारू भरलेली असते आणि ती सलग भरली आहे की मधे फट आहे, हे उडवून बघता येत नाही. एक्स-रेत कवच दिसतं. दारूत हायड्रोजन असल्यामुळे न्यूट्रॉनला ती फट दिसते.

आणि इंदूर? १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते सुखनिवासच्या बाजूला कॅटची पायाभरणी झाली. त्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी ठरवलं की ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन हा त्वरक आणि इंदूरचा होऊ घातलेला सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यातून एक्स-रे मिळवणारा त्वरक) ही तिन्ही यंत्रं विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना वापरता यावीत. त्यासाठी जी संस्था काढली तिचं मुख्यालय आलं खंडवा रोडवर. ध्रुवपाशी या संस्थेने आपलं स्वतंत्र न्यूट्रॉन उपकरणही उभं केलं. सागर, औरंगाबाद किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या पोराने प्रस्ताव लिहावा, नमुना बनवावा आणि अणुभट्टीच्या सभागृहात जाऊन उभं राहावं, ही वाट या संस्थेने पाडली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात इंदूरचं खरं काम हेच आहे. न्यूट्रॉन इथे कधी निघाले नाहीत, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता इथल्या टेबलांवर आखला गेला.

दार उघडल्यावर आत शिकायचं काय? बटण दाबणं सगळ्यात सोपं. शिकणारा अडखळतो तो भलतीकडेच. पाणी दिसतं म्हणून तो आनंदाने पाण्याने भरलेली बाटली घेऊन येतो आणि चित्रात नुसता काळा ठोकळा मिळतो, कारण सेंटीमीटरभर पाण्यातच बहुतेक न्यूट्रॉन अडतात आणि उरलेले विखरून चित्र धुरकट करतात. म्हणजे नमुना केवढा कापायचा हे पहिलं शिक्षण. झोत ज्यातून येतो ते छिद्र लहान आणि नमुना त्याच्यापासून दूर ठेवला तर चित्र रेखीव, पण न्यूट्रॉन कमी आणि वेळ जास्त. ही देवाणघेवाण हाताखाली आल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक चित्राबरोबर नमुना नसतानाचा उघडा झोत आणि झोत बंद असतानाचा अंधार, अशी दोन कोरी चित्रं घ्यावीच लागतात. मग नमुना थोडा थोडा फिरवत शेकडो चित्रं काढायची आणि संगणकावर त्यांची त्रिमितीय आकृती बांधायची.

आणि सर्वांत महत्त्वाचं, नमुना लगेच घरी नेता येत नाही. झोतात राहिलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी होते. अॅल्युमिनियम काही मिनिटांत शांत होतं. पोलादातल्या मॅंगनीजला अडीच तासांनी निम्मं व्हायचं असतं, तांब्याला पावणेतेरा तास लागतात. कोबाल्ट असला तर पाच वर्षांच्या गोष्टी. सराफ्यातला चांदीचा जुना दागिना आत काय आहे बघायला हौसेने नेला, तर चांदीच्या एका समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २५० दिवसांचा आहे. आजीचे तोडे घेऊन जाणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

उद्योगाचं शिक्षण याहून मागे आहे. पीथमपूरच्या कारखान्यांत ओतकामातली ब्लो-होल एक्स-रेत दिसते, तिथे न्यूट्रॉनची गरजच नाही. हे कळणं हेही शिक्षण. पण विमानाच्या टर्बाइनची पाती ओतताना आत सिरॅमिकचा कोअर असतो, तो नंतर धुऊन काढतात. धातूत दडलेला त्याचा उरलासुरला कण एक्स-रेला सहज सापडत नाही. त्याला गॅडोलिनियम लावलं की न्यूट्रॉनच्या चित्रात तो उठून दिसतो. इंजिनातलं तेल, रबरी सील, डिंकाचा थर, लिथियम बॅटरीच्या आतली हालचाल हे न्यूट्रॉनचे विषय. वाहनांच्या गावाला यात रस वाटायला हवा.

अडचण अशी, की शिकणारे वाढतायत आणि दारं मिटतायत. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी २०१० च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. जिथे हे सारं सुरू झालं त्या बर्लिनची अणुभट्टी ११ डिसेंबर २०१९ रोजी थांबली, पॅरिसजवळची ऑर्फेही त्याच वर्षी. आपल्याकडे जुनी अप्सरा गेली, पण २ मेगावॉटची नवी अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ध्रुववर चित्रणासाठी स्वतंत्र झोत आहे. जगाचा कल आता प्रोटॉन आपटून न्यूट्रॉन उडवणाऱ्या त्वरकांकडे आहे. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत नव्वदीपासून असा स्रोत चालतो आणि चित्रण शिकायला जगभरची मुलं तिथे जातात.

इथे कॅट पुन्हा गोष्टीत येतं. असा स्रोत भारतात उभारायचा तर लागणाऱ्या एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉन त्वरकासाठी नायोबियमच्या अतिवाहक पोकळ्या बनवण्याचं काम तिथे चालू आहे. स्रोत अजून कागदावर आहे. पण तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे चित्रणाची वाहिनी आहे आणि नमुना फिरवणं, कोरी चित्रं घेणं, आकृती बांधणं हा अर्धा धडा तिथे गिरवता येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी इंदूरच्या विद्यार्थ्याला अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागते. परतीच्या गाडीत तो स्वतः असतो, हार्ड डिस्क असते. नमुना मागे शिशाच्या पेटीत, आपला अर्धायुकाल मोजत.