औंध संस्थानातील ग्रामस्वराज्य प्रयोग

आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत मुख्यतः विखुरलेल्या औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेली, गावपंचायतीला राज्यकारभाराचा पाया मानणारी शासनव्यवस्था. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपणहून सत्ता सोडली आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे संस्थानाचे चार तालुके होते. त्यांतील गुणदाळ विजापूरच्या बाजूला होता.

स्थिर समाजाला अधिकारांची उतरंड आणि समान उद्दिष्ट लागते, असे म्हटले जाते; मग त्यात स्वातंत्र्य किती उरते, हा प्रश्न येतो. उतरंड लागते, हे या घटनेने नाकारले नाही. गावाने निवडलेली पंचायत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती आणि समित्यांच्या प्रतिनिधींचे विधिमंडळ अशा पायऱ्या तिने ठेवल्या. मात्र अधिकाराचा उगम राजवाड्यातून गावाकडे नेला. वरच्या पायरीवर बसणाऱ्याला आधी स्वतःच्या गावाचा विश्वास मिळवावा लागे, आणि हेच या रचनेचे खरे बळ होते. शाळा, विहिरी, रस्ते, गावातले तंटे ही कामे पंचायतीकडे आल्याने समान उद्दिष्ट भाषणापुरते न राहता गावकऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात उतरले. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत म्हणून उभारलेले स्वतंत्रपूर याच काळातले. भिंतीवाचून शिस्त टिकू शकते, हा विश्वास तिथे कैद्यांवरही टाकला गेला.

स्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र मर्यादा होत्या. तालुका समितीपासून वर निवडणूक अप्रत्यक्ष असल्याने सामान्य मतदाराचा आवाज पंचायतीच्या अध्यक्षामार्फतच पुढे जाई, आणि जिथे अध्यक्षपद वतनदार घराण्याकडे गेले असेल तिथे जुनीच उतरंड नव्या नावाने टिकण्याचा धोका होता. शिवाय सगळी सनद एका राजाच्या उदारतेवर उभी होती.

याच भूमीवर दुसरी व्यवस्थाही उभी राहिली. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर असे भूमिगत लोकांचे सरकार, स्थापन झाले आणि संस्थानातले कुंडल हे जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचे, केंद्र बनले. या सेनेतली आज्ञा लष्करी शिस्तीची होती. प्रतिसरकारची लोकन्यायालये, दारूबंदी आणि कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने यांना लोकांनी साथ दिली, कारण परकीय सत्ता घालवण्याचे उद्दिष्ट सर्वांचे होते. औंधमध्ये सत्ता वरून दिली गेली, प्रतिसरकारने ती खालून घेतली. दुसऱ्या मार्गाला भूमिगत गुप्ततेची गरज असल्याने उघड चर्चेला तिथे जागा कमी राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

प्रतिसरकारचे काम १९४६ मध्ये थांबले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तिथली घटना संपुष्टात आली. तिचा शेवट गावांच्या अपयशाने झाला नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा गाव, तालुका आणि जिल्हा अशा तीन पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. मात्र जिल्हा परिषदेचे सदस्य मतदार थेट निवडू लागले.