कॅट काढला की गाडी खरंच पळते का?

गाडीचा पिकअप गेला, ती चढाला ओढेनाशी झाली की एक सल्ला हमखास मिळतो: "कॅट काढून टाका, इंजिन मोकळं होईल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टच्या पाइपात सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेला धातूचा डबा. हा डबा धुराची वाट अडवतो आणि इंजिनाची ताकद खातो, असा समज आहे. माझं मत स्पष्ट आहे. धडधाकट कॅट काढू नये आणि बिघडलेला कॅट, तो का बिघडला हे कळल्याशिवाय, बदलूही नये.

समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून कॅट सर्रास बसू लागला. त्यातल्या काहींमध्ये उत्प्रेरकाचा लेप दिलेल्या बारीक गोळ्या ठासून भरलेल्या असत आणि त्यांच्यामधून वाट काढताना वायू खरोखरच अडखळत. पण त्या काळातल्या गाड्या मंदावल्या, त्यामागे आणखी कारणं होती. शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं होतं, प्रदूषण घटवण्यासाठी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, मागे नेलं होतं. खापर मात्र कॅटवर फुटलं.

आजचा कॅट आडवा कापून पाहिला तर आत सिरॅमिकची जाळी दिसते. चौरस इंचात साधारण ४०० आरपार भोकं, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटर रुंद, आणि मधल्या भिंती मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्शाएवढ्या पातळ. म्हणजे समोरून पाहिलं तर बहुतांश जागा मोकळीच असते. भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. हे सगळे धातू मिळून काही ग्रॅमच भरतात. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला ही जाळी कामाला लागते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजन ऑक्साइडमधून नायट्रोजन सुटा होतो. पेट्रोल गाडीत ही तिन्ही कामं एकाच वेळी व्हायची तर एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळावं लागतं. त्यासाठीच कॅटच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सर असतो. पलीकडचा सेन्सर मुख्यतः कॅट काम करतोय की नाही यावर नजर ठेवतो.

मग काढल्यावर मिळतं काय? टर्बो (धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) नसलेल्या साध्या इंजिनात मोजकी अश्वशक्ती, तीही वरच्या आरपीएमला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. रोजच्या चालवण्यात तसा प्रसंग क्वचितच येतो. आवाज मात्र लगेच वाढतो, आणि गाडी जास्त पळतेय असं वाटण्यात त्या आवाजाचा वाटा मोठा असतो. टर्बो इंजिनात फायदा खरा असतो, कारण टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चक्राच्या, पलीकडचा दाब जितका कमी तितकी ती जोमाने फिरते. तो फायदा नीट हवा असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंगही बदलावं लागतं. तिथेसुद्धा चौरस इंचाला २०० भोकांचा, धातूच्या जाळीचा कॅट बसवता येतो. त्याने अडथळा बराच कमी होतो, पण धूर साफ करण्याची क्षमताही थोडी घटते. जिथे उत्सर्जनाचे नियम कडक आहेत तिथे असा बदल चालतो का, हे आधी पाहावं.

कॅट काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो. तो विझवायला सेन्सर फसवला की पुढे काही बिघडलं तरी त्या सेन्सरकडून इशारा मिळत नाही. त्याहून गंभीर गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. कॅट नसलेल्या पाइपाला गळती लागली आणि तो धूर गाडीत शिरला तर आत बसलेल्यांच्या जिवाशी गाठ आहे. रस्त्यावरच्या बाकीच्यांनी तर तो धूर मागितलेलाच नसतो.

चोंदलेला कॅट ही वेगळी गोष्ट. तो खरोखरच इंजिनाचा गळा आवळतो. गाडी सुरू होते, पण आरपीएम वर चढत नाही. तपासणी सोपी आहे: अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचा. २५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) वर जात असेल तर वाट अडली आहे असं समजतात. पण कॅट सहसा आपणहून चोंदत नाही. प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि तापमान इतकं चढतं की सिरॅमिक वितळतं. इंजिन ऑइल खात असेल तर त्याची राख भोकांत साचते. हे दुरुस्त न करता नवा कॅट लावला तर त्याचीही तीच गत होते.

नवा घेताना स्वस्ताच्या मोहात पडू नये. हलक्या मालात मौल्यवान धातू कमी असतात आणि थोड्याच काळात पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा इशारा देणारा कोड परत येतो. गाडीच्या इंजिनासाठी आणि तिला लागू असलेल्या उत्सर्जन मानकासाठी मंजूर झालेलाच कॅट मागावा. बसवताना गॅस्केटही नवं टाकून घ्यावं, कारण जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली तर सेन्सर चुकीचं वाचतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडतं आणि नवी जाळी पुन्हा तापायला लागते.