लंडन जवळ, मुंबई लांब

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चादर ओढून झोपलेला सोलापूरकर सकाळी सीएसएमटीला उतरतो. त्यात आणखी तास-दीड तास घाला, की मुंबईहून उडालेलं विमान लंडनला टेकतं. रेल्वेमार्ग ४५५ किलोमीटरचा, तर लंडनचं हवाई अंतर सुमारे ७,२००. जगाची टोकं जवळ आली, सोलापूर मात्र होतं तिथेच राहिलं.

सुरुवात अशी नव्हती. १८६० मध्येच रेल्वे सोलापुरात पोचली होती. तेव्हा लांबचा प्रवास म्हणजे बोट. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला चीनमधल्या कँटनला पोचले. नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नये. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की मिळतं ते खरं हवाई अंतर, आणि ते भरतं साधारण ४,२०० किलोमीटर. आजच्या जेटला सहा तासही पुरतात.

विमानं तेव्हाही होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. ते पुढे बेल्लारीवरून मद्रासला गेलं. सोलापूर बाजूलाच राहिलं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला निघालं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

तासांचंही पक्कं काही नसतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा सुसाटतो, त्यामुळे लंडनहून परतताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा शहरं जागच्या जागी असूनही वाट लांबली.

सोलापूरची वाट मात्र अडली ती जमिनीवर. मध्यंतरी किंगफिशरचं विमान काही काळ मुंबईला जायचं, तेही बंद पडलं. मग वर्षानुवर्षं गावात एकच विषय: होटगी रोडच्या विमानतळाशेजारची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. मोर्चे झाले, कोर्टकचेरी झाली, आणि १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, त्यानंतर १५ ऑक्टोबरला मुंबईचं. टाटांच्या उड्डाणाचीच तारीख. कुणी मुद्दाम साधली असेल असं वाटत नाही.

मुंबईचं हवाई अंतर जेमतेम ३६० किलोमीटर. कुर्डुवाडी, दौंड, पुणे, घाट असा वळसा नाही, तासाभराचं काम. पण होटगी रोडला उतरतात ती एटीआर, एम्ब्रेअरसारखी लहान विमानं. लंडनला जायचं तर मुंबईत विमान बदलावंच लागतं.