तक्रार अर्ज आणि फौजदारी बदनामी

सरकारी अधिकारी, पोलीस, नोकरीतील वरिष्ठ किंवा अशाच एखाद्या अधिकृत यंत्रणेकडे कोणाविरुद्ध केलेली तक्रार बदनामीचा गुन्हा ठरू शकते का, हा भारतीय फौजदारी कायद्यातील जुना आणि सामान्य नागरिकाला थेट भिडणारा प्रश्न आहे. बदनामीची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ती दहा अपवादांसह जवळपास तशीच आली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी असून नव्या संहितेत समाजसेवेचीही तरतूद आहे.

ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याखेरीज एका जरी व्यक्तीपर्यंत मजकूर पोहोचला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो प्रसिद्ध झालेला असतो. त्यामुळे तहसीलदाराला दिलेला बंद पाकिटातला अर्जही व्याख्येच्या कक्षेत येऊ शकतो, आणि त्याला संरक्षण मिळते ते आठव्या अपवादाने. एखाद्या व्यक्तीवर त्या विषयापुरता कायदेशीर अधिकार असणाऱ्याकडे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी नव्हे, असे हा अपवाद सांगतो. दंडाधिकाऱ्यापुढे केलेला आरोप, नोकराच्या वागणुकीबद्दल मालकाकडे आणि मुलाच्या वागणुकीबद्दल वडिलांकडे केलेली तक्रार, अशी उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत.

तक्रार कोणाकडे गेली, याला म्हणूनच निर्णायक महत्त्व आहे. शिक्षकाच्या वर्तनाविषयी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे दिलेला अर्ज या अपवादात बसतो. त्याच अर्जाची प्रत वर्तमानपत्राला दिली किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर त्या प्रसिद्धीला आठवा अपवाद लागू होत नाही. तेथे स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी अथवा लोकहितासाठी केलेल्या विधानांचा नववा अपवाद सिद्ध करावा लागतो.

दुसरी अट सद्भावनेची आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार, म्हणजे कायद्यांतील सामायिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या कायद्यानुसार, प्रामाणिकपणे केलेली गोष्ट, हयगय झाली असली तरी, सद्भावनेची ठरते. दंडविधानात मात्र पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केलेल्या गोष्टीलाच हे संरक्षण आहे. केवळ मनापासून विश्वास होता, एवढे म्हणणे पुरत नाही; तो विश्वास बसण्याआधी काय पडताळले, हे पाहिले जाते. तरीही आरोप शेवटी खरा ठरलाच पाहिजे, अशी आठव्या अपवादाची अट नाही. हरभजन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या नवव्या अपवादावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले की सद्भावनेसाठी तर्काची अचूकता लागत नाही आणि आरोपीने आपला बचाव संभाव्यतेच्या निकषावर, म्हणजे तो खरा असण्याची शक्यता अधिक आहे इतपत, सिद्ध केला तरी पुरते.

खरी अडचण अपवाद कोणत्या टप्प्यावर विचारात घ्यायचा याची आहे. पोलिसांकडे व्यक्त केलेल्या संशयावरून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सद्भावना हा पुराव्याचा प्रश्न मानून तो खटल्यावर सोपवला. महाराष्ट्रातील एका प्रकरणात मात्र, अतिक्रमण करून दुकान उभारल्याची लेखी तक्रार उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे केल्याबद्दल सुरू झालेली बदनामीची कारवाई याच न्यायालयाने २०२३ मध्ये आठव्या अपवादाच्या आधारे रद्द केली. ही दुसरी भूमिका अधिक न्याय्य आहे, कारण अंतिम निर्दोषत्व मिळेपर्यंत वर्षानुवर्षे तारखांना हजर राहण्याच्या भीतीनेच अनेक खऱ्या तक्रारी दाबल्या जातात. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातील, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ नुसार खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी आता द्यावी लागते, आणि आठवा अपवाद त्या वेळीच पुढे करता येतो.

जाणूनबुजून खोटी माहिती देऊन लोकसेवकाला कोणाच्या विरोधात अधिकार वापरायला लावणे हा न्याय संहितेच्या कलम २१७ खालील वेगळा गुन्हा आहे. बदनामीची फिर्याद व्यथित व्यक्ती स्वतः करू शकते. कलम २१७ च्या गुन्ह्याची दखल मात्र संबंधित लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या लोकसेवकाने लेखी फिर्याद दिल्यावरच न्यायालय घेते.