खाकीतून विधानसभेत (ठाणे–नवी मुंबई)

पोलीस खात्यातली नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर आमदारकीकडे वळण्याला बोलीत ‘खाकीतून खादीत जाणे’ म्हणतात. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ उरले. त्यांतले ऐरोली आणि बेलापूर नवी मुंबईचे.

अंगावर वर्दी असताना उमेदवारी करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचे सभासदही होता येत नाही. लाभाचे पद (म्हणजे पगाराची सरकारी नोकरी वगैरे) धारण करणारा संविधानाच्या अनुच्छेद 191 खाली अपात्र ठरतो, म्हणून राजीनामा नुसता देऊन भागत नाही. अर्जाच्या छाननीआधी तो मंजूर व्हावा लागतो. 20 वर्षे सेवा झालेला अधिकारी 3 महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती (खात्यात सगळे ‘व्हीआरएस’च म्हणतात) घेऊ शकतो. भ्रष्टाचारावरून बडतर्फ झालेल्याला 5 वर्षे निवडणूक बंद. मात्र निवृत्ती आणि उमेदवारी यांत ठरावीक काळ जाऊ द्यावा, असे बंधन कायद्यात नाही.

कायद्यापेक्षा बदली जास्त आड येते. पोलीस ठाण्यातला अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ 2 वर्षांचा. शिवाय निवडणुकीच्या तोंडावर, 4 वर्षांत 3 वर्षे एकाच जिल्ह्यात काढलेले अधिकारी आयोगाच्या सूचनेवरून हलवले जातात. कळव्याचे किंवा वागळे इस्टेटचे गल्लीबोळ पाठ असलेला निरीक्षक निवृत्त होतो तेव्हा बहुधा भलतीकडेच असतो. ठाणे शहरात रुळलेली वाट शिवसेनेच्या शाखेतून, म्हणजे पक्षाच्या वस्तीतल्या कार्यालयातून जाते: किसननगरचे शाखाप्रमुख एकनाथ शिंदे 1997 मध्ये नगरसेवक आणि 2004 मध्ये आमदार झाले. साहेबांना सलाम ठोकणारे खूप असतात, पण मतदानाच्या दिवशी स्लिपा वाटणारी माणसे शाखेचीच असतात.

भिवंडीचे उदाहरण बोलके आहे. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या (वस्तीतले हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस यांच्या) उभ्या केल्या. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एवढी पुण्याई असलेले खोपडे निवृत्तीनंतर 2014 मध्ये आम आदमी पक्षातर्फे उभे राहिले ते लोकसभेला, आणि तेही बारामतीतून. ते हरले. ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख राहिलेले प्रदीप शर्मा यांनी 2019 मध्ये नोकरी सोडून शिवसेनेतर्फे शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यातून विधानसभा लढवली. क्षितिज ठाकूर यांनी त्यांचा पराभव केला. पुढे 2006 च्या एका चकमकीच्या खटल्यात उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये शर्मा यांना जन्मठेप सुनावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

राज्यातले यशस्वी उदाहरण सोलापूरकडचे. मुंबईत पोलीस उपनिरीक्षक असलेले सुशीलकुमार शिंदे 1971 मध्ये नोकरी सोडून राजकारणात आले, 1974 मध्ये करमाळ्यातून आमदार झाले, 2003 मध्ये मुख्यमंत्री आणि 2012 मध्ये केंद्रीय गृहमंत्री. त्यांनी खाते सोडले ते उमेदीच्या वयात. नाव होईपर्यंत थांबले नाहीत.

निवडून आल्यावर माजी अधिकाऱ्याचा पोलिसांवरचा हुकूम संपतो. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना आणि गृहखात्याला पत्र, एवढीच हत्यारे हाती राहतात. जुन्या सहकाऱ्याने बदलीसाठी त्याचे शिफारसपत्र आणले, तर राजकीय दबाव आणल्याबद्दल त्याच 1979 च्या नियमांखाली कारवाई होऊ शकते ती त्या सहकाऱ्यावर.